कॅप्टन व्योम आणि चाळिशीचा जिना

१९९८ साली दूरदर्शनवर ‘कॅप्टन व्योम’ लागायची, तेव्हा जी मुले शाळेत होती ती आज चाळिशीत आहेत. अवकाशातल्या तुरुंगातून पळालेल्या गुन्हेगारांचा माग काढणारा तो कॅप्टन त्यांना अजून आठवतो. चंदेरी पोशाख, यानाचे सेट आणि त्या काळात नवलाची वाटलेली संगणकीय दृश्येही आठवतात. पण यातले कितीतरी जण आता आंबिवली स्टेशनचा पूल चढून वर आले की कठड्याला हात टेकून क्षणभर थांबतात. ‘पूर्वी दोन-दोन पायऱ्या चढायचो, आता वय झालं’ असे म्हणत पुढे निघतात.

खरोखर वय झालेले असते की सवय सुटलेली असते? त्याच कॅप्टनच्या पुढच्या आयुष्यात या प्रश्नाचे बरेचसे उत्तर सापडते. उरलेले उत्तर अमेरिकेतल्या एका जुन्या प्रयोगात आहे.

पोहणारा, मग पडद्यावरचा

कॅप्टन व्योमची भूमिका करणारे मिलिंद सोमण यांचा जन्म ४ नोव्हेंबर १९६५ रोजी स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात झाला. वडील अणुशास्त्रज्ञ, आई उषा जीवरसायनशास्त्रज्ञ. मिलिंद सात वर्षांचे असताना कुटुंब मुंबईत परतले आणि दादरच्या शिवाजी पार्क परिसरात त्यांचे बालपण गेले. पोहणे तिथेच अंगात मुरले. पुढे ते राष्ट्रीय विजेते झाले आणि १९८४ साली काठमांडूला झालेल्या पहिल्या दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धांत भारताकडून उतरले. दरम्यान विद्युत अभियांत्रिकीची पदविकाही झाली.

१९८० चे दशक सरता सरता स्पर्धात्मक पोहणे थांबले आणि मॉडेलिंग सुरू झाले. १९९५ मध्ये अलिशा चिनॉय यांच्या ‘मेड इन इंडिया’ या गाण्याच्या व्हिडिओने हा चेहरा घराघरांत पोहोचवला. ‘अ माउथफुल ऑफ स्काय’, ‘सी हॉक्स’ आणि केतन मेहता यांची ‘कॅप्टन व्योम’ अशा मालिका झाल्या. पुढे मराठीत ‘गंध’, ‘संहिता’, ‘नागरिक’ आणि हिंदीत ‘बाजीराव मस्तानी’ असे चित्रपट आले. नटाची कारकीर्द म्हणून एवढे पुरेसे होते. आपल्या आरोग्याच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग मात्र यानंतरचा आहे.

२००४ साली पहिली मुंबई मॅरेथॉन झाली. त्यात सोमण २१ किलोमीटरची अर्धमॅरेथॉन धावले, तेव्हा त्यांचे वय ३८ होते. पोहण्याच्या स्पर्धा सोडून साधारण पंधरा वर्षे लोटली होती आणि धावणे हा काही त्यांचा मूळ खेळ नव्हता. तरी ते धावत राहिले. जुलै २०१५ मध्ये, पन्नाशीला जेमतेम चार महिने उरले असताना, त्यांनी झुरिचची ‘आयर्नमॅन’ स्पर्धा पूर्ण केली. ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि त्यावर ४२ किलोमीटरची पूर्ण मॅरेथॉन, हे सगळे एकाच दिवशी. त्यांना १५ तास १९ मिनिटे लागली. २०१७ मध्ये फ्लोरिडातली तीन दिवसांची ‘अल्ट्रामॅन’ही झाली. तिथे १० किलोमीटर पोहणे, चारशे वीसच्या वर किलोमीटर सायकल आणि ८४ किलोमीटर धावणे होते. धावताना पाय अनवाणी होते.

हे वाचून बहुतेकांच्या मनात एकच विचार येतो: ‘तो सोमण आहे, आपल्याला काय जमणार?’ लहानपणी कमावलेल्या शरीराचा फायदा त्यांना झाला असणार, यात शंका नाही. पण लहानपणीची कमाई बँकेतल्या ठेवीसारखी जशीच्या तशी राहत नाही. न वापरलेले शरीर फार लवकर खाली येते. उलट, पुन्हा वापरायला घेतले की वाटते त्यापेक्षा बरेच परतही येते. अगदी साध्या माणसांवर हे तपासून पाहिले गेले आहे.

तीन आठवडे विरुद्ध तीस वर्षे

१९६६ साली अमेरिकेतल्या डॅलस येथे वीस वर्षांच्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवण्यात आले. त्याआधी आणि नंतर त्यांची ‘ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता’ मोजली गेली. जोरात धावताना शरीर दर मिनिटाला जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकते, तो हा आकडा. हृदय, फुप्फुसे, रक्त आणि स्नायू या चौघांचे एकत्रित प्रगतिपुस्तकच म्हणा. तीन आठवड्यांच्या विश्रांतीने हा आकडा सरासरी २७ टक्क्यांनी घसरला. त्यानंतर त्यांच्याकडून कसून व्यायाम करून घेतल्यावर तो भरून आला आणि मूळच्याही वर गेला.

तीस वर्षांनी, १९९६ मध्ये, संशोधकांनी त्याच पाच जणांना पुन्हा बोलावले. आता ते पन्नाशीत होते. वजन वाढले होते आणि अंगातल्या चरबीचे प्रमाण १४ टक्क्यांवरून २८ टक्क्यांवर, म्हणजे दुप्पट झाले होते. पण ऑक्सिजनची कमाल क्षमता वीस वर्षांच्या वयापेक्षा फक्त ११-१२ टक्क्यांनी कमी भरली. तीस वर्षांच्या वयाने जेवढे नुकसान केले नव्हते, त्याच्या दुपटीहून अधिक नुकसान तीन आठवड्यांच्या अंथरुणाने केले होते.

मग या पाच जणांना सहा महिने चालणे, हळू धावणे आणि सायकल असा व्यायाम दिला गेला. सुरुवात अगदी थोडकी होती. वाढवत वाढवत तो आठवड्याला साडेचार तासांच्या आसपास नेला. सहा महिन्यांनी त्यांची क्षमता वीस वर्षांच्या वयात, प्रयोग सुरू होण्यापूर्वी जितकी होती तितकी झाली. तरुणपणी कसून व्यायाम केल्यावर जे शिखर गाठले होते, तिथे मात्र कुणीही पोहोचले नाही. हृदय काही पुन्हा विशीचे झाले नव्हते. सुधारणा मुख्यतः स्नायूंमुळे झाली होती, कारण ते रक्तातला ऑक्सिजन अधिक चांगल्या प्रकारे उचलू लागले होते.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. या सहा महिन्यांत त्यांचे वजन थोडेच उतरले आणि चरबीच्या टक्केवारीत फरक पडला नाही. म्हणजे वजनकाट्याने साथ दिली नाही, तरी आतले यंत्र सुधारले होते. महिनाभर चालून ‘एक किलोही कमी झाला नाही’ म्हणून बूट कोपऱ्यात टाकणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात ठेवावे. पाच माणसे म्हणजे प्रयोग लहानच, पण नियमित व्यायामाने वयाबरोबर होणारी घसरण मंदावते, हे पुढच्या अनेक अभ्यासांतही दिसले आहे.

खऱ्या कॅप्टनांचा व्यायाम

अंथरुणावर झोपवून ठेवण्याच्या अशा प्रयोगांचा अवकाशाशी जवळचा संबंध आहे. वजनरहित अवस्थेत पायांवर, कण्यावर भार पडत नाही, त्यामुळे शरीर स्नायू आणि हाडे ‘अनावश्यक’ म्हणून कमी करू लागते. पुरेसा व्यायाम नसेल तर कंबर आणि मांडीच्या हाडांची घनता महिन्याला सुमारे एक ते दीड टक्का घटते. याचा जमिनीवर अभ्यास करण्यासाठी आजही स्वयंसेवकांना आठवडेच्या आठवडे झोपवून ठेवतात.

म्हणूनच आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकावरच्या अंतराळवीरांच्या वेळापत्रकात रोज सुमारे दोन तासांचा व्यायाम असतो. सुनीता विल्यम्स यांनी एप्रिल २००७ मध्ये स्थानकातल्या ट्रेडमिलवर स्वतःला पट्ट्यांनी बांधून घेऊन बोस्टन मॅरेथॉनचे अंतर धावून पूर्ण केले होते. पडद्यावरच्या कॅप्टनला यान चालवायला एवढी तयारी लागत नसे, खऱ्या कॅप्टनांना लागते.

आपण गुरुत्वाकर्षणात राहतो, म्हणून आपली झीज हळू होते आणि लक्षात येत नाही. पण दिवसाचे दहा-बारा तास खुर्चीत आणि उरलेले पलंगावर काढले, तर आपणही थोडेफार अंतराळवीरच होतो. आंबिवलीत हा बदल एका पिढीत घडलेला दिसतो. मोहन्याचा एनआरसी कारखाना चालू होता तेव्हा पाळीला चालत किंवा सायकलने जाणारे कामगार होते. २००९ मध्ये कारखाना बंद पडला. आज नोकरीसाठी ठाणे, मुंबई गाठावी लागते. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस इथून साठेक किलोमीटरवर आहे. प्रवासाने माणूस थकून घरी येतो खरा, पण हा थकवा म्हणजे व्यायाम नव्हे. गर्दीत तासभर उभे राहून पाय दुखतात, हृदयाला मात्र त्यातून फारसे काम मिळत नाही.

एकच छंद नको

सोमण यांच्याकडून घेण्यासारखी दुसरी गोष्ट म्हणजे विविधता. पोहणे, सायकल, धावणे यांत वेगवेगळे स्नायू वापरले जातात. एकाच सांध्यावर रोज तोच भार पडत नाही आणि कंटाळाही येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारसही अशीच दुहेरी आहे. प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा आणि त्याखेरीज किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम करावा. मध्यम श्रम ओळखायची सोपी खूण अशी: चालताना बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही.

ताकदीचा व्यायाम बहुतेक जण विसरतात. तिशीनंतर स्नायू दर दशकाला काही टक्क्यांनी घटत जातात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. म्हातारपणी खुर्चीतून उठता येणे, पडल्यावर सावरता येणे हे यावरच अवलंबून असते. सोमण यांच्या आई उषा यांनी २०२० मध्ये आपल्या ८१ व्या वाढदिवशी साडीत १५ जोर मारले, त्याची चित्रफीत अनेकांनी पाहिली असेल. त्याकडे गंमत म्हणून पाहू नये. ८१ व्या वर्षीही स्नायू मागणीला प्रतिसाद देतात, हेच त्यातून दिसले. सुरुवात भिंतीला हात टेकून जोर काढण्याने करता येते.

२०१२ मध्ये सोमण यांनी सहकाऱ्यांसोबत सुरू केलेल्या ‘पिंकेथॉन’ या महिलांच्या धावण्याच्या उपक्रमाचाही हाच रोख आहे. भारतीय महिलांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग स्तनांचा आहे आणि नियमित शारीरिक हालचालीने त्याचा धोका कमी होतो. घरकाम आहेच की, मग वेगळा व्यायाम कशाला, असा प्रश्न अनेक घरांत विचारला जातो. पण घरकामाचे ओझे आणि स्वतःसाठी काढलेला अर्धा तास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

काय उचलू नये

अनवाणी धावण्याचे अनुकरण मात्र विचार करून करावे. २०१० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या डॅनियल लिबरमन यांच्या अभ्यासात दिसले, की अनवाणी धावायची सवय असलेली माणसे बहुधा टाचेऐवजी चवड्यावर उतरतात, त्यामुळे टेकतानाचा धक्का कमी बसतो. पण तोच भार पोटरी आणि टाचेच्या शिरेवर जातो. बुटांची सवय असलेल्याने एकदम अनवाणी धावायला घेतले, तर पावलाच्या हाडांना सूज किंवा सूक्ष्म तडे जाऊ शकतात. मधुमेहामुळे पावलांची संवेदना कमी झाली असेल तर अनवाणी चालणेही नको. काच रुतलेली कळत नाही आणि साधी जखम चिघळते.

दुसरे, व्यायाम म्हणजे कवच नव्हे. मार्च २०२१ मध्ये सोमण यांनाही कोविड झाला होता. भारतीयांमध्ये हृदयविकार तुलनेने कमी वयात गाठतो. त्यामुळे चाळिशीनंतर नव्याने सुरुवात करताना रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्यावे. चालताना छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, नेहमीपेक्षा वेगळा दम किंवा चक्कर आली, तर ‘गॅस असेल’ म्हणून पुढे न जाता थांबावे आणि डॉक्टरांकडे जावे. घरात कुणाला तरुण वयात हृदयविकार झाला असेल, तर धावायला लागण्यापूर्वीच सल्ला घ्यावा.

सुरुवात कुठून करायची? पहिला महिना रोज दहा-पंधरा मिनिटे भरभर चालण्याचा. त्यानंतर दर आठवड्याला पाच मिनिटे वाढवायची. स्टेशनपासून घरापर्यंत रिक्षा करत असाल, तर निम्मे अंतर चाला. सरकता जिना असेल तिथेही पायऱ्या घ्या. अंगारकीला रात्री पायी टिटवाळ्याला जाणारी माणसे आपल्याच भागातली आहेत. वर्षातून एकदा एकदम तेवढे चालून आठवडाभर पोटऱ्या चोळण्यापेक्षा, रोज थोडे चालून त्या रात्री सहज पोहोचणे बरे.

सहा महिने हा डॅलसच्या त्या पाच पन्नाशीच्या माणसांना लागलेला वेळ होता. आज कॅलेंडरवर खूण करा, तोच जिना त्याच वेगाने चढा आणि किती धाप लागते ते लिहून ठेवा. सहा महिन्यांनी पुन्हा चढून पाहा. आयर्नमॅन व्हायची गरज नाही. वर पोहोचल्यावर कठडा धरावा लागला नाही, तरी पुष्कळ मिळवले.