ट्यूब हाती देण्याआधी

जिल्हा परिषदेच्या श्रेणी-२ पशुवैद्यकीय दवाखान्याचा पसारा फार नसतो. अंगणात लोखंडी खोडा, आत टेबल, औषधांचं कपाट, लशींसाठी फ्रीज. हा दवाखाना सहसा पदविकाधारक पशुधन पर्यवेक्षक चालवतो. हाताशी व्रणोपचारक किंवा परिचर असला तर असला. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याच्या कलम ३० प्रमाणे त्याने नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली आणि निर्देशानुसार किरकोळ सेवा द्यायच्या असतात. गावाच्या दृष्टीने तोच ‘डॉक्टर’. त्याच्या कामात बाहेरून सगळ्यात सोपी वाटणारी गोष्ट म्हणजे कपाट उघडून औषध देणं, आणि माझ्या मते सगळी विद्या तिथेच पणाला लागते.

“डॉक्टर, बैलाच्या डोळ्यात फूल पडलंय. मागच्या वेळची ती ट्यूब द्या.” हे वाक्य कोणत्याही तालुक्यात ऐकू येईल. फूल म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर, पारपटलावर, आलेला पांढुरका डाग. कडब्याचं टोक लागलं, दुसऱ्या जनावराचं शिंग लागलं, माश्यांनी मोराक्सेला जातीचे जंतू आणले, कारण काहीही असो, डाग सारखाच दिसतो. कपाटात मात्र ट्यूबा दोन तऱ्हेच्या असतात. एकीत नुसतं प्रतिजैविक, दुसरीत प्रतिजैविकासोबत डेक्सामेथासोनसारखं स्टेरॉइड. दुसरीने लाली झपाट्याने उतरते, म्हणून ती लोकांना आवडते. पण पारपटलावर जखम असेल तर स्टेरॉइड ती भरू देत नाही, जंतूंना मोकळं रान मिळतं, आणि पडदा फाटून डोळा कायमचा जाऊ शकतो.

जखम आहे की नाही हे फ्लुरोसिनची कागदी पट्टी सांगते. पट्टी ओली करून रंग डोळ्यात सोडायचा, स्वच्छ सलाइनने धुवायचा. पारपटलाचा वरचा थर शाबूत असेल तर रंग वाहून जातो. थर सोलला गेला असेल तिथे खालचा भाग रंग शोषतो आणि हिरवा ठिपका उरतो. ही पट्टी प्रत्येक दवाखान्यात असायला हवी, हे मी कितीदाही सांगेन.

तपासायचं तर मोरकी घट्ट धरून, पापणी अंगठ्याने उचलून, नीट उजेडात. आतल्या कोपऱ्यातून सरकणारी तिसरी पापणी हीच खरी लपण्याची जागा. तिच्यामागे कुसळ अडकतं, तिथेच थेलेझिया नावाचे पांढरे, दोऱ्यासारखे कृमी वळवळतात. माश्याच त्यांचा प्रसार करतात. ही पापणी अर्ध्या डोळ्यावर आली आणि अंग ताठरलं असेल तर धनुर्वाताची शंका घ्यावी आणि ताबडतोब पशुवैद्यकाला बोलवावं. तिथे ट्यूबचा काही संबंध नाही. उलट, गाईच्या आडव्या बाहुलीच्या वरच्या काठाला जे काळे गोळे दिसतात ते निरोगी डोळ्याचेच भाग आहेत. नवशिका त्यांना गाठ समजतो. अंधारात बॅटरीच्या उजेडात चमकणारा हिरवट-निळा पडदाही तसाच, दृष्टिपटलामागचा. गाय, घोडा, कुत्रा, मांजर सगळ्यांना असतो, डुकराला नसतो.

शेळीची खालची पापणी तर औषधाचा हिशोबच सांगते. हिमोंकस हा जंत शेळी-मेंढीच्या पोटात राहून रक्त पितो, आणि पापणीची आतली बाजू लालची गुलाबी, गुलाबीची पांढरी होत जाते. दक्षिण आफ्रिकेत मेंढ्यांसाठी यावरूनच ‘फमाचा’ नावाचा पाच रंगांचा तक्ता तयार झाला. रंग तक्त्याशी ताडायचा आणि फिक्या जनावरांनाच जंतनाशक पाजायचं. सगळ्या कळपाला सरसकट पाजलं की औषधाला न जुमानणारे जंतच मागे राहतात आणि पुढे तेच वाढतात.

ट्यूब लावण्यातही जाण लागते. खालची पापणी ओढून झालेल्या खोबणीत मलमाची बारीक रेघ सोडायची. टोक डोळ्याला लागता कामा नये. अश्रू थेंबांचं औषध लवकर धुऊन टाकतात. दिवसभर रानात असणाऱ्या माणसाला ते तासातासाने घालणं जमत नाही, म्हणून त्याच्या हाती मलम दिलेलं बरं.

कानाकडे एवढं लक्ष जात नाही. आता निदान बारा अंकी पिवळ्या बिल्ल्यामुळे प्रत्येक गाय-म्हशीचा कान हाताळला जातो. बिल्ला कानाच्या मधोमध, कूर्चेच्या दोन उंचवट्यांमध्ये, रक्तवाहिन्या चुकवून मारायचा. जागा चुकली की रक्त येतं, जखम चिघळते, माश्या बसतात. कानाचा स्पर्शही बोलतो. नुकतीच व्यायलेली गाय मान पोटाकडे वळवून बसली आणि कान थंडगार लागले, तर दुग्धज्वराचा संशय घ्यायचा. त्यावर शिरेतून कॅल्शियम देतात, पण फार सावकाश, छातीला कान लावून. घाईने सोडलं तर हृदय बंद पडतं. म्हणून इथेही आधी पशुवैद्यकाला फोन.

कुत्र्याच्या कानाची नळी आधी सरळ खाली उतरते आणि मग काटकोनात आत वळते. म्हणून कान हळूच वर-बाहेर ओढून थेंब टाकायचे आणि मग बुडाशी चोळायचं. नाहीतर औषध वळणापाशीच थांबतं. त्या वळणापलीकडे कानाचा पडदा. तो फाटलेला असताना जेंटामायसिनचे थेंब आत गेले तर आतल्या कानाच्या नाजूक पेशी मरू शकतात. कुत्रा बहिरा होतो, मान वाकडी करून गोल फिरतो. म्हणून पडदा पाहिल्याशिवाय थेंब द्यायचे नाहीत.

डोळा आणि कान एकत्र का शिकायचे, हे मधल्या कानात कळतं. कुत्र्या-मांजरांत डोळ्याकडे जाणारे अनुकंपी मज्जातंतू तिथून जातात, आणि चेहऱ्याची नसही लगतच असते. तिथे पू झाला तर बाहुली बारीक होते, तिसरी पापणी वर येते, कधी डोळा मिटेनासा होऊन पारपटल कोरडं पडतं आणि त्यावर जखम होते. मालक येतो डोळ्याची तक्रार घेऊन, मूळ असतं कानात. अशा वेळी नुसती डोळ्याची ट्यूब देणं म्हणजे रोग तसाच ठेवणं.

कपाटातल्या बाकी औषधांची शिस्तही अशीच कडक आहे. लाळ्या-खुरकुताची लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायची. बर्फ झाली तर ती वाया गेली. मांजराला पॅरासिटामॉल विष ठरतं, कारण ते निकामी करण्याची ताकद त्याच्या यकृतात फार तोकडी असते. डायक्लोफेनॅकवर जनावरांसाठी २००६ मध्ये बंदी आली. औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी होत होती. माणसांच्या औषधातून पळवाट निघू नये म्हणून २०१५ मध्ये त्याच्या बाटल्या ३ मिलीपुरत्या मर्यादित झाल्या. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅकही बंद झाले. आता दुखण्यावर मेलॉक्सिकॅम.

आणि सगळ्यात जास्त मागणी गोचिडाच्या इंजेक्शनची. कानाच्या आत, जिथे जीभ आणि शेपटी पोचत नाही, तिथे गोचीड घट्ट बसतो. इंजेक्शनची मात्रा वजनावरून ठरते. समजा गाईच्या छातीचा घेर ६५ इंच आणि अंगाची लांबी ५५ इंच. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ६६०, म्हणजे अंदाजे ३५२ किलो. एक टक्का आयव्हरमेक्टिन ५० किलोला १ मिली, म्हणजे ७ मिली, कातडीखाली. हिशोब बरोबर आला तरी शेवटचा प्रश्न राहतोच: दूध देते का? देत असेल तर हे इंजेक्शन द्यायचं नाही, कारण औषध दुधात उतरतं. मग अंगावर लावायचं औषध, तेही लेबलवर दुभत्या जनावराला परवानगी असेल तरच, मापात पाणी घालून, डोळे सांभाळून. आणि गोचिडाची मादी अंडी घालते ती गोठ्याच्या भेगांमध्ये, तेव्हा भेगा आधी लिंपून घ्यायच्या.