परक्या रस्त्यावर आपली सायकल

सायकल चालवायला परवाना लागत नाही, म्हणून कायदाही लागत नाही अशी आपली समजूत असते. परदेशात पाय टेकताच ती महागात पडते.

शाळा सुटली की ओरत्तनाडुचा रस्ता सायकलींनी भरून जातो. एकसारख्या घडणीच्या सायकली, त्यावर दप्तरं अडकवलेली मुलंमुली, कुणी डबलसीट, कुणी मैत्रिणीच्या खांद्यावर हात ठेवून शेजारून चाललेली. या सायकली सरकारने फुकट दिलेल्या. तामिळनाडूने ही योजना २००१-०२ मध्ये अनुसूचित जाती-जमातींच्या मुलींसाठी सुरू केली आणि पुढे सरकारी व अनुदानित शाळांतल्या अकरावीच्या सगळ्या मुलामुलींपर्यंत ती पोचवली. दिवा? नाही. हेल्मेट? त्याचं नावही नको. पण सायकल हातात आली म्हणून दहावीनंतर शाळा सुटली नाही, अशा मुली इथे घराघरांत सापडतील.

तंजावूरहून पट्टुक्कोट्टैकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सुमारे पंचवीस किलोमीटरवर हे गाव आहे. मराठी माणसाला त्याची ओळख असायला हवी, कारण इथलं मुक्तांबा छत्र तंजावूरच्या भोसल्यांचं. सरफोजीराजांनी आपल्या प्रिय मुक्तांबेच्या नावाने १८०२ च्या सुमारास ते उभारलं. रामेश्वराच्या वाटेवरच्या यात्रेकरूंना तिथे मुक्काम आणि जेवण मिळे. अशा छत्रांची रीत राजांनी १८०१ साली कंपनी सरकारच्या रेसिडेंटला पत्र लिहून सविस्तर कळवली होती. ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत, जोगी-बैराग्यांपासून आजारी वाटसरूपर्यंत सगळ्यांना अन्न मिळे. शिजवलेला भात चालत नसेल त्याला कोरडा शिधा मिळे. मध्यरात्री घंटा वाजवून, कुणी जेवायचं राहिलं असेल तर त्याला बोलावलं जाई.

म्हणजे वाटसरूने तिथले नियम विचारत फिरायचं नव्हतं, घंटाच त्याला बोलवायची. आजच्या वाटसरूसाठी कुणी घंटा वाजवत नाही. उलट, परक्या मुलखात सायकलची घंटी उगाच वाजवली तर तोच गुन्हा ठरावा, अशीही गत आहे. ते पुढे येईलच.

पगारातून कापला जाणारा दंड

तंजावूर-पट्टुक्कोट्टै पट्ट्यातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या सिंगापूर-मलेशियाला पोट भरायला जात आली आहेत. तिथे गेल्यावर कामगार वसाहतीतून कामावर, दुकानात, रविवारी मित्रांकडे जायला सर्वांत स्वस्त वाहन म्हणजे जुनी सायकल. वाहतूकही आपल्यासारखी डावीकडून. त्यामुळे गावातली सवय जशीच्या तशी चालेल असं वाटतं, आणि फसगत होते ती इथेच.

सिंगापुरात फूटपाथवर सायकल चालवायला मुभा आहे, पण वेग ताशी १० किलोमीटरच्या आत हवा. सायकलींसाठी आखलेल्या सामायिक मार्गावर हीच मर्यादा २५ किलोमीटर आहे. एक्स्प्रेसवेवर सायकलला पूर्ण बंदी. मोटारींच्या रस्त्यावर उतरलात तर १ फेब्रुवारी २०१९ पासून हेल्मेट सक्तीचं आहे. रात्री पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा हवा, आणि चालू स्थितीतला निदान एक हातब्रेक हवाच. १ जानेवारी २०२२ पासून रस्त्यावर टोळीने जायचं तर एका ओळीत पाचांपेक्षा जास्त जण नकोत. दोघं-दोघं शेजारी चालत असतील तर सगळे मिळून दहा. त्याच दिवशी अशा चुकांचा तडजोडीचा दंड ७५ डॉलरवरून १५० सिंगापूर डॉलर झाला. रुपयांत नऊ-दहा हजार!

आणखी एक फरक नव्या माणसाच्या लक्षात येत नाही. १ जुलै २०२५ पासून सायकलमार्गाला लागून असलेले काही पदपथ फक्त पायी चालणाऱ्यांसाठी राखले आहेत. काल जिथून सायकल नेली तिथूनच आज नेली तर आज ती चूक. जमिनीवर काय रंगवलंय ते रोज बघायचं.

बांधकामावर राबणाऱ्याला दहा हजारांचा दंड म्हणजे त्या महिन्यात घरी जाणाऱ्या पैशांना लागलेली कात्री. आणि दिवा नसलेल्या सायकलला मागून लॉरीने उडवलं तर कात्रीवर भागत नाही. नुकसानभरपाईच्या वेळी ‘दिवा होता का, हेल्मेट होतं का’ हेच प्रश्न आधी येतात.

आजोबा हॉलंडला जातात तेव्हा

मराठी घरांतली गोष्ट जरा वेगळी. मुलगा-सून नेदरलँड्‌समध्ये किंवा जर्मनीत, आणि आजी-आजोबा तीन महिन्यांसाठी तिकडे. सकाळी घरात कुणी नसतं, अंगणात सायकल उभी असते. ‘चाळीस वर्षं पुण्यात सायकल मारली’ असं म्हणत आजोबा निघतात.

पहिला धोका कायद्याचा नाही, सवयीचा आहे. तिकडे वाहतूक उजवीकडून. रस्ता ओलांडताना आपली मान आपोआप आधी उजवीकडे वळते आणि गाडी येते डावीकडून. पहिले दोन-तीन दिवस फक्त पायी फिरून मानेला नवी सवय लावली तर बरं.

नेदरलँड्‌समध्ये साध्या सायकलला हेल्मेटची सक्ती नाही. डबलसीटलाही मनाई नाही, मात्र आठ वर्षांखालच्या मुलाला नीट बसण्याची व्यवस्था हवी. हे ऐकून आपल्याला घरच्यासारखं वाटतं. पण निळ्या गोल पाटीवर पांढरी सायकल दिसली की मोटारींचा रस्ता सोडून सायकलमार्गावरूनच जायचं, ते ऐच्छिक नाही. रस्त्यावर पांढऱ्या त्रिकोणांची रांग रंगवलेली असते, तिला तिथले लोक शार्कचे दात म्हणतात. त्या दातांची टोकं तुमच्याकडे असतील तर थांबून समोरच्याला आधी जाऊ द्यायचं. कुठलीच खूण नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला. १ जुलै २०१९ पासून सायकलवर असताना मोबाईल हातात धरणंही गुन्हा आहे. नातवाचा फोटो काढायचा तर उतरून काढावा.

जर्मनीत तांबडा सिग्नल तोडणाऱ्या सायकलस्वारालाही ६० युरो दंड आणि एक पॉइंट बसतो. सिग्नल तांबडा होऊन सेकंदाहून जास्त वेळ झाला असेल तर १०० युरो. आठ वर्षांखालच्या मुलांनी फूटपाथवरूनच सायकल चालवायची, असा तिथला नियम आहे. तिसरी-चौथीतल्या मुलांची शाळेतच पोलिसांच्या मदतीने सायकलची परीक्षा होते. त्यामुळे आजोबा चुकले तर नातूच आधी ओरडतो. एका बाबतीत तर गंमतच नाही. बिअर पिऊन सायकल चालवणं तिथे ‘गाडी थोडीच चालवतोय’ म्हणून सुटत नाही. रक्तात दर हजारी १.६ प्रमाण सापडलं की तो फौजदारी गुन्हा.

डेन्मार्कमध्ये चौकात डावीकडे वळताना मोटारींच्या मधून तिरकं घुसता येत नाही. सरळ पलीकडे जायचं, थांबायचं, मग वळायचं. ब्रिटनमध्ये उलटं प्रकरण: वाहतूक आपल्यासारखी डावीकडून, पण फूटपाथवर सायकल चालवायला बंदी. त्यासाठी वापरला जाणारा कायदा १८३५ चा, म्हणजे सायकलीचा जन्म होण्याआधीचा! १८८८ मध्ये सायकलला ‘गाडी’ ठरवलं गेलं आणि तिलाही तोच कायदा लागू झाला. ऑस्ट्रेलियात सायकलीवर हेल्मेटची देशभर सक्ती आहे. जगात हा प्रयोग प्रथम व्हिक्टोरिया राज्याने १ जुलै १९९० ला केला.

साडेनऊ कोटी येनची चूक

सगळ्यांत कडक धडा जपानचा. २००८ मध्ये कोबे शहरात ११ वर्षांचा एक मुलगा संध्याकाळी सायकलवरून घरी निघाला होता. उतारावर त्याची धडक ६२ वर्षांच्या बाईंना बसली आणि त्या शुद्धीवर आल्याच नाहीत. खटला मुलाच्या आईवर चालला. मुलाला नीट सायकल चालवायला शिकवण्याची जबाबदारी तिची होती, असं मानून २०१३ मध्ये कोबे न्यायालयाने सुमारे साडेनऊ कोटी येन भरपाई ठरवली. एका साध्या सायकलीने एका घराचा संसार उलथून टाकला आणि दुसऱ्या घरातली कर्ती बाई कायमची अंथरुणाला खिळली. कोबे ज्या ह्योगो प्रांतात आहे, त्याने २०१५ मध्ये सायकलस्वारांना विमा सक्तीचा केला. मग इतर प्रांतही त्या वाटेने गेले.

जपानमध्ये सायकल हे हलकं वाहन धरलं जातं. डबलसीट चालत नाही. एका हातात छत्री धरून चालवणंही नाही. आणि घंटी! समोर माणसं चालताहेत म्हणून त्यांना बाजूला करायला घंटी वाजवायची नाही. धोका टाळायला किंवा तशी पाटी असेल तिथेच वाजवायची. आपल्याकडे घंटी न वाजवणारा उद्धट, तिकडे वाजवणारा. १ नोव्हेंबर २०२४ पासून मोबाईल वापरत किंवा दारू पिऊन सायकल चालवण्याची शिक्षा वाढली आहे. १ एप्रिल २०२६ पासून सोळा वर्षांवरच्या सायकलस्वारांना मोटारवाल्यांसारखी जागेवर दंडाची चिठ्ठी देण्याची पद्धत ठरली आहे. मोबाईलसाठी दंड १२ हजार येन.

प्रवासाचा विमा उतरवताना आपण आजारपण आणि हरवलेल्या बॅगा एवढंच पाहतो. आपल्या हातून दुसऱ्याला इजा झाली तर भरपाई कोण देणार, असा एक रकाना त्यात असतो. सायकल चालवायची असेल तर आधी तो वाचावा. त्यात सायकल धरली आहे की वगळली आहे, हे एजंटाकडून लिहून घ्यावं.

शर्यतीतही सिग्नल पाळावा लागतो

मुंबईहून १५ ऑक्टोबर १९२३ ला काही पारशी तरुण सायकलने जगप्रवासाला निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे १९२८ मध्ये सुमारे ७१ हजार किलोमीटर तुडवून परतले. त्या काळी सायकलच्या कायद्यापेक्षा वाळवंट आणि जंगल यांचाच प्रश्न मोठा होता. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने २०१८ मध्ये १४ देशांतून २९ हजार किलोमीटर सायकल चालवली. प्रत्येक सीमेबरोबर रस्त्याची रीत बदलत होती. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही अमेरिका आडवी ओलांडणारी शर्यत पूर्ण केली. या शर्यतीत घड्याळ रात्रंदिवस चालू असतं. तरी स्टॉपच्या पाटीशी पूर्ण थांबावं लागतं, नाहीतर वेळेचा दंड. रात्री मागच्या गाडीच्या दिव्यांच्या झोतातच सायकल ठेवावी लागते. त्याच अमेरिकेत आयडाहो राज्याने मात्र १९८२ पासून सायकलस्वाराला स्टॉपच्या पाटीशी न थांबता, रस्ता मोकळा पाहून पुढे जायची मुभा दिली आहे. एकाच देशात दोन रीती.

आपल्याकडे तरी कुठे एक आहे? कोलकात्यात पोलिसांनी २०१३ मध्ये १७४ रस्त्यांवर सायकलला बंदी घातली होती. मुंबईच्या वांद्रे-वरळी सागरी सेतूवर सायकल नेता येत नाही. एकेकाळी नगरपालिकेचा पत्र्याचा बिल्ला सायकलला लावावा लागे, रात्री दिवा नसला तर शिपाई हवा सोडून देई. मोटार वाहन कायदा पायाने चालणाऱ्या सायकलला मोजत नाही, म्हणून तिच्यावरचे नियम पोलीस आणि पालिकेच्या कायद्यांत विखुरलेले राहिले आणि हळूहळू विसरले गेले. रस्त्यांविषयीच्या १९६८ च्या व्हिएन्ना कराराला भारताने १९८० मध्ये मान्यता दिली. सीमा ओलांडणाऱ्या सायकलला ब्रेक, ऐकू येणारी घंटी, पुढे दिवा, मागे लाल दिवा आणि लाल परावर्तक हवा, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. ओरत्तनाडुच्या मुलांनाच काय, पुण्या-मुंबईच्या दुकानदारांनाही हे सांगितलं तर ते हसतील.

जपानला शिकायला जाणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. तिकडे सायकलची पोलिसांकडे नोंद करणं सक्तीचं आहे आणि संध्याकाळी पोलीस सायकल थांबवून नोंदणीचा नंबर तपासतात. कोर्स संपवून भारतात परतणारा सीनियर आपली सायकल प्रेमाने ज्युनियरला देऊन जातो, पण नोंद त्याच्याच नावावर राहते. मग पोलिसांना सायकल एकाच्या नावावर आणि चालवणारा दुसराच दिसतो, आणि भाषा न येणारा मुलगा चौकीत तासभर बसून राहतो. सायकल देताना सीनियरने नोंद रद्द करून, नाव-तारखेसह ती दिल्याचं सहीनिशी लिहून द्यायचं असतं. ज्युनियरने ती चिठ्ठी घेऊन सायकलच्या दुकानात आपल्या नावाने नवी नोंद करायची. दुकानात पाच-दहा मिनिटांचं काम असतं.