इंजिनाच्या तोंडाकडील आवाज व त्याचें निदान

वैनगंगेच्या खोऱ्यांत आर्द्रा-पुनर्वसूच्या सरी पडूं लागल्या कीं ब्रह्मपुरी, सिंदेवाही, आरमोरी, वडसा या भागांतील बांध्या पाण्यानें भरतात व चिखलणीची एकच घाई उडते. पूर्वीं हें काम हेल्यांच्या जोडीवर होत असे. आतां पुष्कळ ठिकाणीं लोखंडी चाकें लावलेला ट्रॅक्टर बांधींत उतरतो. हेला आजारी पडणार हें त्याच्या डोळ्यांवरून व चालण्यावरून धन्यास आदल्या दिवशींच कळे. ट्रॅक्टरहि आपलें दुखणें आधीं सांगतो. परंतु तो तें आवाजानें सांगतो, आणि तो आवाज ओळखण्याची संवय आम्हां शेतकऱ्यांस अद्याप लागलेली नाहीं. या अज्ञानाची किंमत आम्हीं स्वतः दिली आहे, सबब ती हकीकत प्रथम सांगतों.

कांहीं वर्षांपूर्वीं ऐन रोवणीच्या दिवसांत आमच्या ट्रॅक्टरच्या तोंडाकडून चमत्कारिक आवाज येऊं लागला. इंजिन सुरू होतांच क्षणभर किंचाळी, व पुढें सारा वेळ जात्यासारखी बारीक घरघर. जवळच्या गांवांतील एका कारागिरानें ऐकतांच 'डायनामो गेला' असें सांगितलें. आम्हीं नवा आल्टर्नेटर आणून बसविला. घरघर तशीच राहिली. तिसऱ्या दिवशीं दुपारीं भर बांधींत पाण्याच्या पंपाचें बेअरिंग जाम झालें, पट्टा तुटला, आणि चालकाचें लक्ष उष्णतेच्या कांट्याकडे जाईपर्यंत इंजिन उकळून हेड गॅस्केट जळालें. दुरुस्तीस ८ दिवस लागले. त्या दिवशीं पऱ्हे २५ दिवसांचे होते. ते लावावयास महिना उलटून गेला. वय झालेल्या रोपांस फुटवे कमी येतात, हें धान करणाऱ्यांस सांगावयास नको. पंपाची किंमत त्या नव्या आल्टर्नेटरहून कमी होती!

इंजिनाच्या पुढील टोंकास क्रँकची पुली असते. तिच्यावरील रबरी पट्टा आल्टर्नेटर व पाण्याचा पंप यांस फिरवितो. पुष्कळ ट्रॅक्टरांत पंखाहि पंपाच्याच दांड्यावर बसविलेला असतो. धान वाहून नेणाऱ्या कित्येक पिकअप गाड्यांत स्टिअरिंगचा पंपहि पट्ट्यावरच चालतो. हे सारे इंजिनाचे चाकर होत. आवाज चाकराचा कीं धन्याचा, हा पहिला प्रश्न.

त्याचा निकाल घरच्या घरीं लागतो. इंजिन पूर्ण थंड असतां पट्टा सैल करून उतरवावा आणि इंजिन अर्धा मिनिट चालवावें. पट्ट्यावांचून पाणी फिरत नाहीं, म्हणून याहून अधिक वेळ चालवूं नये. आवाज थांबला तर दोष पट्ट्यांत किंवा त्याच्या चाकरांपैकीं एकांत आहे. न थांबल्यास तो इंजिनाच्या पोटांत समजून जाणत्या मिस्त्रीस बोलवावें. मग इंजिन बंद करून, पट्टा उतरलेलाच असतां, प्रत्येक पुली हातानें फिरवून पाहावी. चांगली पुली अलगद फिरते. झिजलेल्या बेअरिंगची खरखर बोटांस जाणवते. पंखा धरून पुढें-मागें हलवावा. तो ढिला लागला तर पंपाच्या बेअरिंगचें आयुष्य संपलें. पंपाच्या खालच्या अंगास एक लहान भोंक असतें. त्यांतून पाणी ठिबकत असेल, किंवा तेथें वाळलेला डाग असेल, तर आंतील सील गळूं लागलें आहे. हें भोंक बुजविणें म्हणजे तेंच पाणी बेअरिंगांत कोंडणें होय. आमच्या पंपाखालीं असा डाग कित्येक दिवस होता. तो आम्हीं पाहिला नाहीं, हें कबूल केलें पाहिजे.

किंचाळीची गोष्ट निराळी. रात्रीं पाऊस होऊन सकाळीं पट्टा ओला असतो, सुरू करण्यांत बॅटरी थोडी उतरलेली असते. ती भरून काढण्याचें ओझें आल्टर्नेटरवर पडतें आणि सैल पट्टा पुलीवर घसरून ओरडतो. दिवे लावतांच ओरड वाढली तर संशय उरत नाहीं. घसरण्याऐवजीं पट्टा पांखराप्रमाणें ठेक्यांत चिवचिवत असेल, तर पुल्या एका रेषेंत नसाव्यात. रेघांच्या चपट्या पट्ट्यावर, तो चालू असतां, दुरून पाण्याचा बारीक फवारा मारून पाहावा : आवाज वाढला तर ताण कमी, क्षणभर थांबून पुनः आला तर रेषा चुकलेली. घरघर मात्र पाण्यास दाद देत नाहीं. पट्ट्यास ग्रीस किंवा तेल लावून आवाज बंद करणारे आम्हीं पाहिले आहेत. त्यानें रबर फुगतें व घसरण वाढते. साध्या पट्ट्यास दोन पुल्यांच्या मध्यावर, इंजिन बंद असतां, अंगठ्यानें दाबल्यास तो सुमारे अर्धा इंच लवावा. त्याहून ताठ केल्यास ओरड थांबते खरी, पण पंपाचें व आल्टर्नेटरचें बेअरिंग त्या ओढीनें लवकर झिजतें.

फ्रान्समधील डॉक्टर लाएनेक यानें १८१६ सालीं कागदाची सुरळी रोग्याच्या छातीस लावून हृदयाचे ठोके ऐकले. आपलें काम लांब पेंचकसावर भागतें. त्याचें टोंक आल्टर्नेटरच्या स्थिर कवचावर टेकून मूठ कानाच्या हाडास लावावी, मग तसेंच पंपाच्या अंगावर. ज्याची घरघर मोठी तो दोषी. पंखा व पट्टा यांपासून हात दूर असावा. गळ्यांतील दुपट्टा अगोदर काढून ठेवावा. नागभीड तालुक्यांतील नांदेड गांवच्या दादाजी खोब्रागडे यांनीं १९८३ सालीं 'पटेल ३' धानाच्या बांधींत तीन निराळ्या लोंब्या हेरल्या व त्यांतून एचएमटी धान उभें केलें. लोंबींतील फरक ओळखणाऱ्या प्रदेशास दोन आवाजांतील फरक ओळखणें जड जाऊं नये.

आमच्या भागांत पट्ट्याचा मोठा शत्रु म्हणजे चिखल. लोखंडी चाकांनीं उडालेला गाळ पुलीच्या खाचेंत बसतो आणि वाळल्यावर पट्टा कानशीप्रमाणें घासतो. मळणीच्या दिवसांत तणसाचा भुसा रेडिएटरवर चढतो तो वेगळाच. खाचा रोज संध्याकाळीं ओल्या फडक्यानें पुसाव्या. आल्टर्नेटरवर जोराची धार मारूं नये.

सिरोंच्याहून गडचिरोली सुमारें २०० किलोमीटर. पर्लकोटेच्या पुरानें भामरागडचा रस्ता अनेक पावसाळ्यांत बंद पडलेला आहे. अशा ठिकाणीं एक नवा पट्टा पावसापूर्वींच घरीं आणून, ऊन व डिझेल यांपासून दूर ठेवावा. पट्ट्याच्या पाठीवरील क्रमांक तो नवा असतांनाच वहींत उतरून घ्यावा. पुढें अक्षरें पुसतात, आणि नुसतें ट्रॅक्टरचें नांव सांगून आणलेला पट्टा पुष्कळदां दोन बोटें आंखूड निघतो.