एक्स-रेचा ‘फोटो’ निघतो कसा?

आमच्या नशिराबादला म्हातारी माणसं एक्स-रे म्हणत नाहीत. “डॉक्टरने फोटो काढायला सांगितलाय” असंच म्हणतात. मित्रांनो, शास्त्राच्या हिशेबाने हा शब्द एकदम करेक्ट आहे! कारण फिल्मच्या जमान्यात ते चित्र जवळजवळ सगळं साध्या प्रकाशानेच उमटायचं, एक्स-किरणांनी नाही.

कसं ते बघू. फिल्म म्हणजे पॉलिएस्टरचा पातळ पत्रा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना जिलेटिनमध्ये कालवलेले सिल्व्हर ब्रोमाइडचे कण. पण जे किरण माणसाच्या अंगातून आरपार जातात, ते या पातळ थरात कशाला अडकतील? शंभरातले एक-दोन अडकले तर अडकले. १८९६ मध्ये अमेरिकेत मायकेल प्युपिन यांच्याकडे बंदुकीचे छर्रे हातात घुसलेला एक पेशंट आला. नुसत्या काचेच्या प्लेटवर फोटो काढायचा तर तासभर हात धरून बसावं लागलं असतं. त्यांनी प्लेटला चमकणारा पडदा, म्हणजे स्क्रीन, चिकटवून ठेवला आणि काम काही सेकंदांत झालं.

पुढे कॅसेट आली. दोन स्क्रीनच्या मध्ये फिल्म, अगदी सँडविचसारखी. स्क्रीन एक्स-किरण खातो आणि प्रकाश ओकतो. आकडाच घ्या ना. ५०,००० इलेक्ट्रॉन व्होल्टचा एक फोटॉन कॅल्शियम टंगस्टेटच्या जुन्या स्क्रीनमध्ये अडकला, तर साधारण ५ टक्के ऊर्जेचा प्रकाश होतो, म्हणजे आठ-नऊशे निळे फोटॉन. १९७० च्या दशकात गॅडोलिनियमचे रेअर अर्थ स्क्रीन आले. त्यांत १५ टक्क्यांच्या वर, म्हणजे तीन हजारांहून जास्त हिरवे फोटॉन! तेवढ्याच चित्रासाठी पेशंटला डोस कमी. मात्र फिल्मसुद्धा हिरवा रंग ओळखणारी पाहिजे, नाहीतर सगळं मुसळ केरात.

फुकट मात्र काही मिळत नाही. स्क्रीन जाड केला की डोस कमी लागतो, पण प्रकाश आतल्या आत पसरतो आणि कडा पुसट होतात. म्हणून बोटाच्या बारीक तड्यासाठी पातळ स्क्रीन, आणि कमरेच्या मणक्यासाठी जाड.

प्रकाश पडला तरी फिल्मवर डोळ्यांना काहीच दिसत नाही. कणात चांदीचे फक्त तीन-चार अणू सुटे झालेले असतात. डेव्हलपर तेवढ्या खुणेवरून अख्ख्या कणाची काळी चांदी करतो, आणि हायपो उरलेले कण धुऊन काढतो. हाडामागे किरण कमी पोचतात म्हणून हाड पांढरं, फुप्फुस काळं.

खरी गंमत, किंवा खरा वैताग म्हणा, आपल्या खानदेशात होता. हाताने धुताना डेव्हलपर २० डिग्रीला साधारण पाच मिनिटं, असा नियम. आणि मे महिन्यात जळगावचा पारा ४५ च्या आसपास! टाकीचं पाणीच चहासारखं. गरम डेव्हलपर प्रकाश न पडलेल्या कणांनाही काळं करतो, त्यामुळे फिल्मवर धुकं येतं. जिलेटिन मऊ पडतं ते वेगळंच. उपाय काय, तर टाकीभोवती बर्फ. माझ्या आत्याच्या मनगटाचा फोटो एका ठिकाणी असाच करडा आला, परत काढावा लागला. परत फोटो म्हणजे परत डोस, आणि तो काही बिलात दिसत नाही.

पेशंट निदान घरी तरी जातो, टेक्निशियन तिथेच. त्याच्या छातीवर टीएलडी बॅज असतो. ट्रॉम्बेच्या भाभा अणु संशोधन केंद्राने ही पद्धत १९७५ पासून देशात रुजवली. बॅजमधल्या कॅल्शियम सल्फेटच्या चकत्या किरणांची ऊर्जा साठवून ठेवतात. तापवल्या की तेवढ्या प्रमाणात प्रकाश देतात. त्यावरून डोस कळतो. कामगारांसाठी मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्ट, आपल्यासारख्यांसाठी १. म्हणजे बॅज हा स्क्रीनचाच चुलतभाऊ. एक लगेच देतो, दुसरा उधारीवर!

१९८० च्या दशकात हीच उधारीची युक्ती सीआर प्लेटमध्ये आली. तिथे उष्णतेऐवजी लेझर फिरवून प्रकाश बाहेर काढतात. आता डीआर आलंय. फिल्म गेली, बऱ्याच ठिकाणी डार्करूमही गेली, पण बहुतेक डीआर पॅनलमध्ये वरचा थर सिझियम आयोडाइडचा असतो, तोही चमकणाराच. त्याचे सुईसारखे उभे स्फटिक प्रकाशाला आजूबाजूला पसरू देत नाहीत, त्यामुळे थर जाड असूनही कडा बऱ्यापैकी स्वच्छ येतात. जाड-पातळचं ते जुनं भांडण इथे पुष्कळसं मिटलं.

बाकी घरात कपाटावर जुन्या फिल्मा पडल्या असतील तर एक लक्षात ठेवा. त्या विकत घेणाऱ्याचा डोळा प्लास्टिकवर कमी आणि त्यातल्या चांदीवर जास्त असतो.