एकाच पंगतीत

मित्रांनो, गोष्ट फर्स्ट इयरची. मी अकोल्याचा, कॉन्व्हेंटमध्ये शिकलेला. रूम पार्टनर मिळाला धारणीकडचा, कोरकू. पहिल्याच आठवड्यात मी त्याच्या मराठीवर इतका हसलो की त्याने बोलणंच बंद केलं. मेसमधून ताट घेऊन तो रूमवर एकटा जेवायचा. दिवाळीला घरी गेला तो परत न येण्याच्या विचाराने, हे मला नंतर कळलं.

तेव्हा एका सीनियरने मला सुनावलं, "काऊन बे, तुह्या मराठीले आमी हासतो का?" खरंच होतं ते. 'एकोणसाठ' म्हणजे किती, हे मला आजही मनात मोजावं लागतं. आणि कोरकू ही मराठीची बोली नाहीच. ती मुंडा कुळातली, संथाळी-मुंडारीच्या नात्यातली वेगळी भाषा. म्हणजे मराठी त्याची दुसरी, हिंदी तिसरी आणि इंग्रजी चौथी भाषा. चार भाषा सांभाळणाऱ्याला दीड भाषा येणारा हसत होता!

वेगवेगळी मुलं एका बिल्डिंगमध्ये ठेवली की आपोआप एक होतात, असं आपल्याला वाटतं. तसं होत नाही. ते करावं लागतं, आणि आपल्या अमरावतीत ते पूर्वी करून दाखवलेलं आहे. १९२७ साली इथल्या अंबादेवी मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून चळवळ उभी राहिली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये इथे भरलेल्या परिषदेचे अध्यक्ष डॉ. आंबेडकर होते. विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेले पंजाबराव देशमुखही या चळवळीत होते. त्याच काळात त्यांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढलं, सगळ्या जातींच्या मुलांसाठी. देवळाचं दार बंद होतं तेव्हा होस्टेलचं दार उघडं होतं!

आज आपल्याला कुणी दारात अडवत नाही. पण मेसमध्ये बघा. अकोल्याचे एका टेबलावर, पुण्या-नाशिकचे दुसऱ्या, मेळघाटची दोघं-तिघं कोपऱ्यात. जुने पेपर, नोट्स, कॅम्पसची बातमी, सगळं टेबलावरच फिरतं. कोपऱ्यात ते पोचतच नाही. मग आपणच म्हणतो, "हे लोक मागे का राहतात?"

माझा पार्टनर परत आला. मी माफी मागितली. तो काहीच बोलला नाही, पण त्या रात्री ताट घेऊन मेसमध्ये माझ्यासमोर बसला. पुढे मॅथ्सचा पेपर मी त्याच्यामुळेच काढला.

म्हणून रेक्टर सरांना एक विनंती आहे. पुढच्या वर्षी रूम ओळखीने न देता चिठ्ठ्या टाकून द्याव्यात. आणि मित्रांनो, आज रात्री ताट घेऊन जरा दुसऱ्या टेबलावर बसून तर बघा.