घरातील बेस गिटार विकण्यापूर्वी

वाद्यवृंदाच्या कार्यक्रमात श्रोत्यांची नजर गायकावर असते. मागच्या रांगेत उभा राहून चार जाड तारांवर साऱ्या गाण्याचा पाया सांभाळणारा बेस गिटारवादक क्वचितच कोणाच्या लक्षात राहतो. लग्नसमारंभ, गणेशोत्सव, चर्चचे सण, हॉटेलांतील संगीत यांतून ज्यांनी तरुणपणी ही साथ केली, ते आज सत्तरीच्या उंबरठ्यावर आहेत किंवा तो ओलांडून गेले आहेत. अनेकांच्या घरी कपाटामागे काळ्या पेटीत ते वाद्य अजून उभे आहे. बोटे साथ देईनाशी झाली, घर लहान पडू लागले, की कधीतरी विषय निघतो : हे आता विकून टाकावे का? प्रश्न पैशांचा वाटतो. पण त्यात शरीर, मन आणि घरातील नाती या तिन्हींचा भाग असतो.

हात का थकतात?

कॅलिफोर्नियात लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आणला. त्यापूर्वी बेसवादकाला माणसाच्या उंचीचे लाकडी वाद्य वाहून न्यावे लागे. नवे वाद्य गळ्यात अडकवता येऊ लागले; तरीही ते हलके नव्हे. नेहमीच्या बेस गिटारचे वजन चार किलोच्या आसपास भरते आणि तारेची लांबी ३४ इंच, म्हणजे सुमारे ८६ सेंटिमीटर असते. हा भार तासन्तास एका खांद्यावर पडतो. डाव्या हाताची बोटे ताणून जाड तारा दाबाव्या लागतात आणि अंगठ्याला दांडीमागून आधार द्यावा लागतो.

म्हणूनच अंगठ्याच्या मुळाशी झालेला संधिवात बेसवादकाला लवकर जाणवतो. बोट वाकवले की अडकून राहणे, तळहाताच्या त्वचेखालील ऊती आखडून बोटे आत ओढली जाणे, रात्री हाताला मुंग्या येणे, खांदा वर उचलताना कळ येणे ही लक्षणेही उतारवयात आढळतात. मधुमेह असणाऱ्यांत बोट अडकण्याचे प्रमाण अधिक असते. यांतील बऱ्याच तक्रारींवर उपचार आहेत. ‘वय झाले’ म्हणून वाद्य बाजारात नेण्याआधी अस्थिरोगतज्ज्ञ किंवा भौतिकोपचारतज्ज्ञ यांना हात दाखवावा आणि आपण कोणते वाद्य वाजवतो, तेही सांगावे.

श्रवणशक्तीबाबत एक दिलासा आहे. वयानुसार प्रथम कमी होते ती उंच स्वरांची जाण. बेसच्या सर्वांत खालच्या तारेची कंपने सेकंदाला सुमारे ४१ असतात. हे खर्जातील स्वर तुलनेने उशिरापर्यंत ऐकू येतात.

विकण्याआधी काही प्रयोग

वादन पूर्ण थांबवण्याची गरज नसेल, तर काही बदल करून पाहता येतात. उभे राहण्याऐवजी बिनहातांच्या खुर्चीत बसून वाजवावे. अरुंद पट्ट्याऐवजी रुंद, मऊ पट्टा घ्यावा. जाणकार कारागिराकडून तारांची उंची कमी करून घ्यावी आणि थोड्या बारीक तारा बसवाव्यात; बोटांना लागणारा जोर कमी होतो. ३० इंची तारेचे आखूड बेसही मिळतात. जुने वाद्य देऊन तसे घेणे हादेखील विक्रीचाच एक प्रकार आहे, आणि कित्येकांना तोच मानवतो. दहा-पंधरा मिनिटे वाजवून विश्रांती घ्यावी. दुखणे दुसऱ्या दिवसापर्यंत टिकले, तर वेळ आणखी कमी करावा.

निर्णय कोणाचा?

वाद्य ज्यांचे, निर्णय त्यांचा. वडील रुग्णालयात असताना खोली आवरण्याच्या ओघात गिटार परस्पर विकणे ही मुलांना सोय वाटेल. घरी परतलेल्या माणसाला मात्र तो आपल्या आयुष्याचा परस्पर लावलेला निकाल वाटू शकतो. ‘वाजवता येत नाही, मग ठेवता कशाला?’ असे विचारण्याऐवजी ‘बाबा, ही पहिल्यांदा कुठे वाजवलीत?’ असे विचारून पाहावे. बोलता बोलता त्यांचे उत्तर त्यांनाच सापडते. स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीच्या बाबतीत अधिक सबुरी हवी. नावे विसरली, तरी परिचित संगीताची ओळख अनेकांत दीर्घकाळ टिकते. अशा घरात वाद्य नजरेसमोर असणे हाच आधार ठरू शकतो.

विकायचे ठरले, तर आधी दोन गोष्टी कराव्यात. वाद्यासह त्यांचे छायाचित्र घ्यावे आणि जमेल तेवढे वादन, नाहीतर त्यामागच्या आठवणी, ध्वनिमुद्रित करून ठेवाव्यात.

वाद्याची तयारी

कोरड्या मऊ कापडाने धूळ पुसावी. जुने वाद्य नव्याने रंगवू नये. मूळ रंग आणि मूळ सुटे भाग यांनाच जाणकार किंमत देतात. दांडी वाकलेली दिसली, तर आतील पोलादी सळई घरी पिळू नये. ते काम कारागिराचे. आवाजाच्या बटणांतून खरखर येत असेल, तर अनेकदा साफसफाईने ती जाते. काही बेसमध्ये नऊ व्होल्टची बॅटरी असते. वर्षानुवर्षे पडून राहिलेली बॅटरी पाझरून आतील तारा खराब करते, म्हणून ती आधी काढावी. पावसाळी हवेत तारा व खुंट्या गंजतात. तो गंज खरेदीदारापासून लपवू नये. अनुक्रमांक, जुनी पावती, पेटी आणि दुरुस्तीची माहिती एकत्र ठेवावी. अँप्लिफायर बराच जड असतो. तो ज्येष्ठांनी एकट्याने उचलू नये.

व्यवहारातील सावधगिरी

किंमत ठरवण्यासाठी दोन-तीन वाद्यविक्रेत्यांना वाद्य दाखवावे. दुकानदार स्वतः विकत घेतो, तेव्हा रक्कम कमी मिळते. कमिशनवर ठेवल्यास थोडी अधिक, पण उशिरा. ऑनलाइन जाहिरात दिल्यास घरचा पत्ता लिहू नये. पाहायला येणाऱ्यास कुटुंबातील कोणी सोबत असतानाच बोलवावे.

पैसे स्वीकारण्यासाठी यूपीआय पिन कधीही टाकावा लागत नाही, हे पाठ करून ठेवावे. ‘हा क्यूआर कोड स्कॅन करा, पैसे जमा होतील’ असे म्हणणारा फसवणूकच करत असतो. सैन्यात असल्याचे सांगून वाद्य न पाहताच पूर्ण रक्कम देऊ करणाऱ्यांपासून विशेष सावध राहावे. केवळ आलेल्या संदेशावर न विसंबता खात्यात रक्कम दिसल्यावरच वाद्य हातातून सोडावे. फसवणूक झाल्यास संकोच न करता ताबडतोब १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवावे.

वाद्य गेल्यानंतर

काही दिवस मन उदास राहील; ते स्वाभाविक आहे. झोप, भूक आणि बोलणे दोन आठवड्यांहून अधिक काळ मंदावलेले दिसले, तर मात्र डॉक्टरांशी बोलावे. हातांना हलका नवा उद्योग द्यावा : लहान कीबोर्ड, समूहगायनातील टाळ्यांची साथ किंवा शेजारच्या मुलाला ताल समजावून सांगणे. शक्य असेल, तर वाद्य एखाद्या शिकाऊ तरुणाला द्यावे, भले चार पैसे कमी मिळोत. त्याने केव्हातरी फोन करून ‘काका, ही तार कशी लावायची?’ असे विचारले, तर त्या घरातली संध्याकाळ बरी जाईल.