खिडकीचं कोटेशन ‘फुटाला किती’ एवढ्यावर ठरवू नका. आधी फोन घेऊन खिडकीपाशी उभे राहा



नाशिकच्या इंदिरानगरमध्ये आमचा जुना फ्लॅट आहे. मुंबई-आग्रा महामार्ग तिथून फार लांब नाही. रात्री अकरानंतर स्कूटर आणि कार कमी होतात, पण ट्रक वाढतात, आणि रस्त्याकडच्या बेडरूममध्ये आईची झोप मोडते. शेवटी चारही खिडक्या बदलायच्या ठरल्या. बाबांनी बजेट सांगितलं, ८० हजार.

व्हॉट्सॲपवर तीन कोटेशन आली. ॲल्युमिनियमची सरकती खिडकी ३८० रुपये फूट, यूपीव्हीसी ६८० रुपये फूट, आणि भारी ॲल्युमिनियमची झडपेची खिडकी, लॅमिनेटेड काचेसह, १४५० रुपये फूट. हे सगळे दर चौरस फुटाचे, फक्त बोलताना ‘फूट’ म्हणतात. पहिलं सगळ्यात स्वस्त, बरोबर? आम्हालाही तसंच वाटलं होतं.

३८० रुपयांचे खरे किती होतात?

आमचा हॉल २४ चौरस फूट, दोन बेडरूम प्रत्येकी २० आणि किचन १२, म्हणजे एकूण ७६ चौरस फूट खिडकी. ३८० च्या दराने २८,८८० रुपये. पण कोटेशन नीट वाचलं तर त्यात डासांची जाळी नव्हती. जाळीला तिसरा ट्रॅक लागतो, त्याचे फुटाला ९० रुपये वेगळे. काच ४ एमएमची साधी. ५ एमएमची टफन्ड हवी तर आणखी ७० रुपये. जुनी खिडकी काढायचे प्रत्येकी ८०० रुपये. सगळं मिळून ४४,२४०, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की ५२,२०३ रुपये.

यूपीव्हीसीवाल्याच्या ६८० मध्ये जाळी, टफन्ड काच, जुनं काढणं, नवं बसवणं सगळं होतं. जीएसटीसकट ६०,९८२. म्हणजे दरात फुटाला ३०० चा फरक दिसत होता, प्रत्यक्षात सगळ्या घरामागे पावणेनऊ हजारांचा निघाला.

म्हणून पहिलं काम, फोनमध्ये एक शीट उघडा. प्रत्येक कोटेशनसाठी एक ओळ आणि हे रकाने: काचेची जाडी आणि प्रकार, जाळी, लॉक, जुनं काढणं, प्लास्टर-रंगाची दुरुस्ती, जीएसटी. जिथे उत्तर नाही तिथे फोन करून विचारा आणि उत्तर मेसेजमध्येच मागा. माप पुढच्या तीन किंवा सहा इंचांना गोल करून लावतात का, हेही विचारा. काही जण लावतात. आणि जुन्या खिडक्यांचं ॲल्युमिनियम भंगारात किलोवर जातं. ते कारागीर घेऊन जाणार असेल तर बिलातून वजा करायला सांगा. आपण सांगितलं नाही तर कोणी आपणहून करत नाही.

चिकटपट्टीची टेस्ट

तिसरं कोटेशन जीएसटीसकट १,३०,०३६ होतं. ते देणाऱ्याचं म्हणणं, ‘आवाज बंद होईल’. पण आवाज येतो कुठून? काचेतून की फटीतून? हे न कळता सव्वा लाख घालवायचे म्हणजे डोकं दुखतंय की दात, हे न बघता औषध घेणं.

फोनवर आवाज मोजणारी फुकट ॲप मिळतात. त्यांचा आकडा प्रमाणित यंत्रासारखा अचूक नसतो, पण एकाच फोनने, एकाच जागी, एकाच वेळी मोजलं तर फरक चांगला कळतो. पंखा बंद करा, फोन उशीपाशी ठेवा आणि पाच-पाच मिनिटांची सरासरी घ्या. आम्ही रात्री साडेअकराला मोजलं. खिडकी उघडी असताना ६६ डेसिबल, बंद केल्यावर ५८. खिडकी बंद करून फरक फक्त ८!

मग सरकत्या झडपांच्या चारी बाजूंना आणि मधल्या जोडावर खाकी पॅकिंग टेप लावली. आकडा ५२ वर आला. काच तीच, चौकट तीच, नुसती टेप.

यामागचं गणित सोपं आहे. खिडकीच्या क्षेत्रफळाच्या १ टक्का फट राहिली, तर काच कितीही जाड लावा, २० डेसिबलपेक्षा जास्त आवाज अडत नाही. ५ बाय ४ फुटांच्या खिडकीत हा १ टक्का म्हणजे चारी बाजूंनी जेमतेम साडेतीन एमएमची फट. सरकत्या खिडकीत झडप घसरायला जागा ठेवावीच लागते आणि तिथे ब्रशसारखी लोकरी पट्टी असते. ती धूळ अडवते, आवाज फारसा अडवत नाही. झडपेची खिडकी मात्र रबरावर दाबून बंद होते. म्हणून सरकत्या खिडकीला महागडी डबल काच लावणं मला तरी पैसे वाया घालवणं वाटतं.

डेसिबलबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. आकडा १० ने कमी झाला की कानाला आवाज साधारण निम्मा वाटतो. आपल्याकडच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागासाठी मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ आहे. आमच्या बेडरूमचा आकडा बघितल्यावर आईला म्हटलं, ‘झोप न येणं हा तुझा दोष नाही.’

ऊन कुठून येतं?

आता होकायंत्र उघडा. चुंबकाचं कव्हर असेल तर काढा आणि लोखंडी ग्रीलजवळ उभे राहू नका, सुई भरकटते. खोलीच्या मधोमध उभे राहून खिडकीकडे तोंड करा. खिडकी पश्चिमेला असेल तर उन्हाळ्यात चारनंतर सूर्य इतका खाली येतो की छज्जा उपयोगाचा राहत नाही, आणि पावसाळ्यात वाऱ्याबरोबर पाऊसही त्याच बाजूने मारतो. आमचा हॉल तसाच. तिथे गडद काच सुचवली गेली होती. आम्ही घेतली नाही, कारण तिने खोली दिवसाही अंधारते. ऊन काचेपर्यंत पोचण्याआधी बाहेरच अडवणं जास्त कामाचं, म्हणून ग्रीलच्या आत बांबूचा पडदा लावला.

ॲल्युमिनियम तापतं आणि यूपीव्हीसी तापत नाही, असं सेल्समन सांगतो. अर्धं खरं आहे. ॲल्युमिनियममधून उष्णता यूपीव्हीसीच्या हजारपटीच्या आसपास सहज वाहते. पण खिडकीत जास्त भाग काचेचा असतो आणि ऊन तिथूनच आत येतं. नुसती चौकट बदलून हॉल थंड होत नाही.

यूपीव्हीसी घेताना खिशात छोटा चुंबक ठेवा. चांगल्या चौकटीत आत लोखंडी पट्टी असते, चुंबक बाहेरून ओढला जातो. ओढला गेला नाही तर आतून पोकळ आहे का, ते विचारा. ॲल्युमिनियमला मात्र सेक्शनची जाडी विचारा आणि ती कोटेशनमध्ये लिहून घ्या. नुसतं ‘हेवी सेक्शन’ लिहिलेलं कुठेही चालतं, म्हणून त्याला अर्थ नाही.

आम्ही काय केलं

सगळ्या खिडक्या एकसारख्या करायचा हट्ट सोडला. आईच्या बेडरूमची एकच खिडकी झडपेची, लॅमिनेटेड काचेची, आणि बाकी तीन यूपीव्हीसीच्या. एकाच खिडकीसाठी तिसऱ्याने दर वाढवून १६०० केला. तरी २० फुटांचे ३२,००० आणि ५६ फुटांचे ३८,०८०, जीएसटीसकट एकूण ८२,६९४. बजेटच्या वर गेलो. बाबा दोन दिवस बोलत होते, मग ‘ठीके’ म्हणाले.

अडचण आली ती ग्रीलची. ग्रील बाहेर असल्यामुळे झडप आतच उघडावी लागते, म्हणजे पडद्याचा रॉड पुढे घ्यावा लागला आणि टेबल हलवावं लागलं. हे ऑर्डर देण्याआधी बघा. टफन्ड काच एकदा तयार झाली की कापता येत नाही, म्हणून माप वर, मध्ये आणि खाली अशा तीन ठिकाणी घ्यायला लावा आणि त्याचा फोटो काढून ठेवा. बाहेरून रंग किंवा आकार बदलणार असेल तर सोसायटीला आधी पत्र द्या.

बसवल्याच्या दिवशी, शेवटचा हप्ता देण्याआधी, सरकत्या खिडकीच्या खालच्या ट्रॅकमध्ये तांब्याभर पाणी ओता. ते बाहेरच्या बाजूच्या छोट्या भोकांतून निघून गेलं पाहिजे. आमच्या हॉलच्या खिडकीत पाणी तसंच साठून राहिलं, कारण ती भोकं सिलिकॉनने बुजली होती. कारागिराने तिथेच पाच मिनिटांत मोकळी केली. हे जुलैत कळलं असतं तर सोफा भिजला असता.

त्याच रात्री साडेअकराला, पंखा बंद करून, फोन परत उशीपाशी ठेवला. नवी खिडकी उघडी असताना ६६, बंद केल्यावर ४१. उन्हाळ्यात हवेसाठी उघडावी लागेल तेव्हा ट्रक ऐकू येणारच, त्याला इलाज नाही. पण त्या रात्री आई साडेसहापर्यंत उठली नव्हती.